वीतभर माती

आमच्या गल्लीत पाण्याची नवी लोखंडी पाइपलाइन टाकताहेत. काल सकाळी बाबांना दंडाला धरून फिरायला नेलं, तेव्हा चराशी थांबलो. पाइपच्या शेजारून कापडात गुंडाळलेली, मनगटाएवढी जाड केबल लांबवर गेली होती. कामगारांनी ती पाइपला घट्ट बांधून टाकली होती आणि इंजिनिअर बाई सगळ्या गाठी सोडायला लावत होत्या.

"जवळ राहिली तर बरंच की, मॅडम," एकजण कुरकुरला.

"जवळच हवी. पण मधे वीतभर माती राहू द्या."

मी विचारलं, तसं त्यांनी सांगितलं. केबलमधून थोडी थोडी वीज सतत मातीत उतरते, पाइपपर्यंत पोचते आणि पाइप गंजत नाही. झिजते ती केबल, वर्षानुवर्षं. मात्र ती लोखंडाला टेकली, की वीज तिथल्या तिथेच जिरते आणि पुढचा सगळा पाइप वाऱ्यावर.

कुणाच्या नजरेत न येता कुणासाठी झिजणं मला ठाऊक आहे. पक्षाघातानंतर बाबांचं सारं मीच करते. मधे माती ठेवायची, हे मात्र कधी सुचलं नव्हतं. मी धरते तेव्हा पाऊल त्यांचं उचलतं, पण जोर माझाच असतो.

आज गल्लीच्या तोंडाशी मी दंड सोडला. बाबा दचकले. "धर की गं."

"इथेच आहे मी."

त्यांच्या हातातली काठी थबकली, मग पुढे सरकली. त्यांच्या कोपराखाली माझा हात, न टेकता, गल्ली संपेपर्यंत तसाच चालत राहिला.