होल्डरमध्ये बल्ब नव्हता

भुताखेतांच्या गोष्टी निघाल्या की चेष्टा करणाऱ्यांत मी पहिला असायचो. आयटीआयमध्ये वायरमनचा कोर्स शिकवायचो मी. सर्किट पूर्ण नसेल तर दिवा लागत नाही – हे वाक्य फळ्यावर लिहिण्यातच माझी नोकरी संपली. म्हणून ही गोष्ट लिहायला इतकी वर्षं लागली.

कोल्हापूर, शनिवार पेठ. साल अठ्ठ्याहत्तर असावं. महिना नक्की एप्रिल, कारण फ्रीजमध्ये सगळ्या गल्लीचं पन्हं होतं. गल्लीत फ्रीज आमचा एकट्याचा, त्यामुळे आमचं सामान त्यात कमीच... कुणाचं दूध, कुणाचं दही, आणि दाराच्या कप्प्यात उजव्या कोपऱ्यात इस्माईलचाचांची इन्सुलिनची बाटली. चाचा शेजारी राहायचे, टेलरिंगचं दुकान होतं त्यांचं. रोज सकाळी नऊला मागच्या दारानं येऊन बाटली घ्यायचे, घरी जाऊन इंजेक्शन टोचून घ्यायचे आणि बाटली परत जागेवर आणून ठेवायचे. नजर अधू झालेली. बाटली ते वाचून घेत नसत, जागेवरून घेत.

त्या आठवड्यात त्यांच्या जावयानं पुण्याहून आणखी एक बाटली आणली. औषध तेच, पण दुप्पट ताकदीचं. बाटली तेवढीच, फक्त झाकणाचा रंग वेगळा. ती बदलून आणेपर्यंत वापरायची नाही, म्हणून मीच ती वरच्या फळीवर मागे सारून ठेवली. नेहमीच्या मापानं ती टोचली असती तर चाचांच्या जिवावर बेतलं असतं. डॉक्टरांनी तसं स्पष्ट सांगितलं होतं.

आणि नेमका फ्रीजचा दिवा गेला. स्वयंपाकघराची खिडकी शेजारच्या भिंतीकडे उघडायची, म्हणजे भर सकाळीही उजेडाची बोंब.

"मास्तर, जगाला दिवं लावायला शिकवतासा, आन् घरात अंधार व्हय?" चाचा चौथ्या दिवशी म्हणाले.

ते मला लागलं. दुसऱ्या दिवशी रविवार होता. सकाळीच मी प्लग काढून फ्रीजवर ठेवला, दाराच्या कप्प्यातलं आणि वरच्या फळीवरचं सगळं ओट्यावर काढलं, हात घालून बल्ब फिरवून काढला. तसाच दुसरा हवा, म्हणून तो शर्टच्या खिशात टाकला. तोवर गारवा राहावा म्हणून सामान घाईघाईनं परत आत लावलं, दार लावलं आणि सायकलवरून लक्ष्मीपुरी गाठली.

दुकानदार ओळखीचा. त्यानं दोन बल्ब काउंटरवर ठेवले. अगदी सारखे.

"कंचा दिऊ? ह्यो पंधराचा, ह्यो पंचवीसचा. दिसायला एकच, बघून घ्या की."

मी दोन्ही बल्बांकडे बघत राहिलो. दिसायला एकच... सामान लावताना कोपऱ्यात मी कुठली बाटली ठेवली? झाकण बघितलं होतं का? नव्हतं बघितलं. हाताला आली ती ठेवली होती.

भिंतीवरच्या घड्याळात नऊला पाच कमी होते.

सायकल कशी हाणली ते मला आठवत नाही. बिंदू चौकात एका टांगेवाल्यानं शिव्या घातल्या, एवढंच आठवतं. घरात न जाता थेट चाचांच्या दारात सायकल टाकली. चाचा खाटेवर बसून बिनसाखरेचा चहा पीत होते.

"इंजेक्शन?" माझ्या तोंडून एवढंच आलं.

"घेतलं की. बसा, घाम फुटलाय तुमास्नी." मग बशी खाली ठेवत म्हणाले, "आज कोपऱ्यात ती पुण्याची बाटली कुणी ठिवली? उचललीच हुती मी. पर दिवा झकास बसवलासा, झाकान वळखू आलं. ती तितंच ठिवली आन् फळीवरनं आपली घेतली. अंधार असता तर आज गेलतोच की मी."

मी घरी आलो. प्लग फ्रीजवर होता, मी ठेवला होता तसाच. दार उघडलं... आत अंधार. बोटानं चाचपलं. होल्डर रिकामा. कोपऱ्यात पुण्याची बाटली.

बायको मोरीतून हात पुसत आली. "बरं झालं बाई बसवलात. चाचांच्या तोंडावर केवढा उजेड पडला होता! तुम्ही गेला होतात कुठे?"

मी खिशातून बल्ब काढून तिच्या हातावर ठेवला. तिनं तो उजेडाकडे धरून तुटलेली तार पाहिली, मग फ्रीजकडे पाहिलं. त्या दिवशी स्वयंपाक तिनं अंगणात स्टोव्हवर केला.

मी सगळं तपासून पाहिलं. खिडकीतून ऊन येतं का, कुठून कवडसा पडतो का, दाराचा स्विच, वायर, अर्थिंग. महिनाभर झोप धड नव्हती. दिवसातून दहादा उठून एकदम दार उघडायचो, जणू कुणाला पकडायचंय. बायको वैतागली. चाचांना भास झाला म्हणावं, तर मग तिलाही झाला?

पुढे चाचा पुष्कळ वर्षं जगले. दर ईदेला शीरखुर्म्याचा डबा घेऊन यायचे आणि चारचौघांत सांगायचे, "ह्या मास्तरनं त्या दिवशी दिवा लावला, म्हनून मी हाय." मी मान खाली घालून डबा घ्यायचो. खरं सांगायचं दरवेळी ठरवायचो, आणि दरवेळी जीभ रेटायची नाही. चाचा गेले तेव्हाही सांगायचं राहूनच गेलं होतं.

तो जुना बल्ब अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे, तार तुटलेलाच. त्या सकाळी उजेड कुणी पाडला, ते मला आजही माहीत नाही. मी पाडला नव्हता. ती बाटली मात्र कोपऱ्यात मीच ठेवली होती.