देवाजीच्या डब्यांचा आवाज

भद्रावतीचे देवाजी दुर्गे फॅक्टरीत फिटर होते. पण गावोगावचे लोक त्यांना ओळखायचे ते गिटारमुळे. रजा जुळवून, कधी बिनपगारी करून ते 'तारांगण ऑर्केस्ट्रा'त वाजवायला जात. जयंतीचा कार्यक्रम असो की दिवाळीनंतरची मंडईची जत्रा, त्यांची गिटार सुरू झाली की चहाच्या टपरीवरचे लोक गिलास हातात धरून मंडपात येत. तो आवाज सरळ यायचाच नाही. तलावाच्या पाण्यावरून वारा फिरावा तसा गोल फिरत, जवळ येत, लांब जात यायचा.

ती करामत दोन डब्यांची होती. नागपूरच्या एका हॉटेलात वाजवणारा गिटारवाला धंदा मोडून गावी निघाला, तेव्हा देवाजींनी त्याच्याकडून त्या आपल्या पगारातून विकत घेतल्या होत्या. पायाने दाबायच्या, लोखंडी, जड. नारिंगी होती ती फेजर, तिच्यामुळे आवाज फिरायचा. निळी कोरस, तिच्यामुळे एका गिटारच्या दोन झाल्यासारख्या वाटायच्या. देवाजी त्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून ठेवत आणि बायकोलाही हात लावू देत नसत.

शहाण्णव साली देवाजींना लकवा मारला. उजवा हात राहिला, बोलणं राहिलं, पण तारा दाबणारा डावा हात गेला. ऑर्केस्ट्राचे मालक शालिकराम भेटायला आले, खाटेजवळ बसले, डोळे पुसले. आणि उठता उठता म्हणाले, "देवाजी, मंडईचा हंगाम तोंडावर आहे. भूपेश नवा आहे, त्याच्या हातात दम नाई. तुह्या डब्या दे. हंगाम संपला का मी सोता आणून देतो."

देवाजींनी बायकोला, रुखमाबाईंना, खूण केली. त्यांनी फडक्यासकट डब्या काढून दिल्या. माणूस खाटेवर पडलेला, आणि दाराशी आलेला मित्र. कोण नाही म्हणेल?

हंगाम संपला. पुढचाही संपला. निरोप धाडला की उत्तर यायचं, डब्या बाहेरगावी आहेत. मग यायचं, दुरुस्तीला आहेत. शेवटी देवाजींची मुलगी पिंकी, तेव्हा कॉलेजात शिकणारी, स्वतः शालिकरामांच्या घरी गेली. अंगणात ऑर्केस्ट्रा पार्टीचे चार लोक चहा पीत बसले होते.

"काका, बाबाच्या डब्या न्याले आली."

शालिकरामांनी बशी खाली ठेवली. "बाबाच्या? त्या ऑर्केस्ट्राच्या आहेत, बाई. तुह्या बाबानं ऑर्केस्ट्रातच वाजवल्या ना?"

"विकत तर बाबानं घेतल्या."

"मंग तू काय करशीन त्यायचं? भाकरी थापशीन त्याच्यावर?"

चौघे हसले. त्यांतले दोघे देवाजींच्या घरी जेवून गेलेले होते. ते हसणं पिंकीने आयुष्यभर लक्षात ठेवलं. ती घरी आली, भिंतीवर टांगलेली गिटार खाली काढली आणि बापाच्या खाटेवर बसली.

"बाबा, शिकवा मले."

तसं शिकवणं भद्रावतीत आधी कोणी पाहिलं नसेल. गिटार दोघांच्या मांडीवर आडवी. तारा दाबायला पिंकीचा डावा हात, छेडायला देवाजींचा उजवा. बापाचा हात कधी थांबायचा हे लेकीला श्वासावरून कळू लागलं. रुखमाबाई सुरुवातीला पदराने डोळे टिपायच्या, मग सवयीने तांदूळ निवडत ऐकू लागल्या. काही वर्षांत पिंकीचे दोन्ही हात तयार झाले, आणि देवाजी नुसते कानाने शिकवू लागले. एकही चूक सोडत नसत.

दरम्यान पिंकी गावातल्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागली होती. दोन हजार तीन साली 'तारांगण'ची गायिका कुंताबाई शालिकरामांच्या तोंडाळपणाला कंटाळून बाहेर पडली. तिने स्वतःची पार्टी काढली आणि थेट देवाजींच्या दारात आली.

"देवाजीभाऊ, पोरीले माह्या पार्टीत द्या. पण लोकं तो फिरता आवाज मागतेत. त्याच्याबिगर माहं गाणं उघडं पडते."

डब्या तर शालिकरामांकडे. मग पिंकीने नागपूरहून एक वापरलेला डिजिटल प्रोसेसर आणला. पाटाएवढा, खाली पायाने दाबायची बटणं, वर आकडे दाखवणारी छोटी काच. जगातल्या सगळ्या जुन्या डब्यांचे आवाज म्हणे त्याच्या पोटात होते. फेजर होता, कोरस होता, आणखी कितीतरी.

देवाजींनी त्याच्याकडे पाहिलंही नाही. भिंतीकडे तोंड करून म्हणाले, "ज्यानं नेल्या त्याच्यापासून आण. चोर तिकडे मिशा पिळून राह्यला, अन् तू इकडे नकल करून राह्यली?"

"तो देत नाई, बाबा."

"मंग नको वाजवू तो आवाज."

पिंकीही त्यांचीच मुलगी. "काऊन नको? डब्या त्यानं नेल्या, आवाज बी त्यालेच देऊन टाकू का?"

देवाजींनी पांघरूण डोक्यावरून ओढलं. त्यालाच तिने होकार मानला.

घरात 'तारांगण'च्या एका जुन्या कार्यक्रमाची कॅसेट होती. पिंकी ती लावायची, फिरणं कान देऊन ऐकायची आणि प्रोसेसरचा आकडा त्याच्याशी जुळवायची. एक आठवडा खपून तिने वेग अगदी कॅसेटबरहुकूम बसवला आणि वाजवून दाखवलं.

"मढ्यावानी फिरते," देवाजी भिंतीकडूनच म्हणाले.

"कॅसेटशी जुळवलं न मी!"

"तुहा टेप हळू चालते. कुंताचा आवाज पाह्य, बाप्यावानी येऊन राह्यला त्याच्यात."

खरंच होतं. टेपचा पट्टा सैल झाला होता. सूर उतरला होता, तसंच फिरणंही सुस्तावलं होतं. पिंकीने आधी गिटारशी टेपचा सूर ताडून पाहिला, किती उतरलाय ते धरलं, आणि तेवढा वेग वाढवला. आता देवाजींनी मान वळवली. पण समाधान नव्हतं.

"लय साफ आहे. काचेवानी. माह्या डबीत थोडा चिखल होता."

हा चिखल काय, यावर बापलेकीचे कितीतरी दिवस गेले. प्रोसेसरचा फेजर वर जाताना आणि खाली येताना सारखाच चाले, झोक्यासारखा. जुनी डबी खालच्या सुरात रेंगाळायची आणि वरून झटकन परतायची. शिवाय देवाजी तिच्यात नवी बॅटरी कधीच टाकत नसत. रेडिओत वापरून अर्धी संपलेली काढून तिच्यात घालत. नवीने आवाज चरचरतो म्हणत. आता प्रोसेसरला अर्धी मेलेली बॅटरी कुठून आणायची?

पिंकीने फेजरच्या आधी आवाज जरासा फाटेल एवढाच जोर दिला. मागून आवाजाची तीक्ष्ण धार कापून टाकली. फिरणं पूर्ण न ठेवता थोडा कोरा, न फिरणारा सूर त्यात मिसळू दिला, आणि खाली अगदी हलका कोरस ठेवला, ऐकू येणार नाही पण काढला तर चुकल्यासारखं वाटेल इतका. रेंगाळणं काही यंत्रात बसेना. ते तिने हातात आणलं. आवाज खाली उतरला की तार जोरात छेडायची, वर चढला की सोडून द्यायची.

एका रविवारी दुपारी ती वाजवत होती, आणि स्वयंपाकघरातून रुखमाबाई हात पुसत बाहेर आल्या. "डब्या आणून देल्या का शालिकनं?"

देवाजींनी लेकीकडे पाहिलं आणि मोठ्याने हसले. लकव्यानंतर ते तसे हसले नव्हते.

त्या दिवाळीनंतर आलापल्लीच्या मंडईत दुपारचा कार्यक्रम कुंताबाईच्या पार्टीला मिळाला. संध्याकाळचा 'तारांगण'ला होता. देवाजी हट्टाने आले. जीपमधून उतरवून त्यांना खुर्चीत पुढे बसवलं. कुंताबाईने पहिलं गाणं धरलं, पिंकीने प्रोसेसरवर पाय ठेवला, आणि तो फिरता आवाज सागाच्या झाडांपर्यंत गेला. म्हातारी माणसं एकमेकांना कोपर मारू लागली. "देवाजी! देवाजीची गिटार!"

गाणं अर्ध्यावर असताना मागच्या बाजूने शालिकराम मंचावर चढले. सरळ कुंताबाईच्या हातातला माईक ओढला.

"बंद करा! ह्या पोरीनं माह्या डब्या चोरल्या! तो आवाज माह्या पार्टीचा आहे. हिची बॅग खोला!"

गर्दी उठून उभी राहिली. मंडई समितीचे दोन कार्यकर्ते वर धावले. त्यांनी पिंकीला एक शब्दही विचारला नाही. बॅग उचलली आणि लोकांसमोर उलटी केली. तारांची पाकिटं, ओढणी, कंगवा, जेवणाचा डबा, सगळं फळ्यांवर पडलं. कुणीतरी गर्दीतून शिटी मारली. पिंकी हलली नाही. गिटार गळ्यात, पाय प्रोसेसरवर, तशीच उभी.

इतक्यात 'तारांगण'चा भूपेश धापा टाकत आला. त्याच्या दोन्ही हातांत एकेक डबी. एक नारिंगी, एक निळी.

"भाऊ, डब्या इथीच आहेत. पेटीतच होत्या."

खाली खुर्चीतून देवाजींचा आवाज आला. माईक नव्हता, तरी सगळ्यांनी ऐकला.

"शालिक, पुन्हा म्हण. कोणाच्या डब्या?"

शालिकरामांनी भूपेशच्या हातून डब्या घेतल्या, काखेत मारल्या. "गैरसमज झाला. होते असं." आणि माईक कुंताबाईकडे ढकलला.

समितीवाल्यांना तेवढं पुरलं. "चला ताई, झालं गेलं. लोकं खोळंबले. सुरू करा."

"माईकवर चोर म्हटलं," पिंकी म्हणाली. "माईकवरच माफी पाह्यजे. अन् बॅग ज्यानं खाली केली त्यानं भरून द्याव."

"अगं, मोठे आहेत ते. बापाच्या वयाचे."

"बाप माहा तो समोर बसला आहे. त्याच्याच डब्या आहेत त्यायच्या काखेत. तुम्ही कोणाची बॅग खोलाले पाह्यजे होती?"

कार्यकर्ता चिडला. हे फार ताणणं झालं, म्हणाला; पोरीच्या जातीने इतकं बोलू नये, म्हणाला. शालिकराम मंच उतरून चालते झाले, डब्या घेऊन, सगळ्यांच्या देखत. त्यांना कोणी अडवलं नाही. चोर म्हणून जिची कंगव्यापर्यंत झडती झाली ती उभी राहिली, आणि चोरीचा माल दिवसाढवळ्या मंडपाबाहेर गेला.

तेव्हा कुंताबाई खाली बसली. तबलेवाल्याने हात मागे घेतले. कुंताबाई म्हणाली, "बॅग भरल्याबिगर माही पार्टी वाजवत नाई." लोकांनी आरडाओरडा केला, तशी त्या दोघा कार्यकर्त्यांना वाकून फळ्यांवरची पाकिटं आणि ओढणी गोळा करावी लागली. मग पिंकीने माईक घेतला आणि त्या डब्या कोणी विकत घेतल्या, कोणी नेल्या, कधीपासून परत दिल्या नाहीत, सगळं सांगितलं. त्यानंतर ती वाजवायला लागली.

परतताना जीपमध्ये देवाजी म्हणाले, "रागात वेग चढवला तू. आवाज पळत होता." थोड्या वेळाने पुन्हा, "चालते. आजच्यापुरतं चालते."

माफी आली नाही. डब्याही आल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्या बंद पडल्या, तर शालिकरामांनी निरोप पाठवला की भूपेशने नवा प्रोसेसर घेतलाय, पिंकीने येऊन त्यात तो आवाज लावून द्यावा, आपलंच घर आहे. पिंकीने निरोप्याला चहाही विचारला नाही.

दोन हजार सात साली देवाजी गेले. पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे श्रद्धांजलीच्या दिवशी शालिकराम मोठा हार घेऊन आले. पिंकी फाटकात आडवी उभी राहिली.

"डब्या आणल्या?"

"अवं पोरी, आज हे बोलाचा दिवस आहे?"

"तुमचा दिवस अकरा वर्षं झाली, आलाच नाई."

रुखमाबाई मागून म्हणाल्या, येऊ दे गं. नातेवाईक म्हणाले, मेलेल्यासाठी तरी. पिंकीने फाटक सोडलं नाही. शालिकराम हार कुंपणावर ठेवून परत गेले.

गावात अजून लोक म्हणतात, पोरीने त्या दिवशी जास्त केलं. पिंकी आता क्लासच्या मागच्या खोलीत मुलींना गिटार शिकवते. कोणी तिच्या तोंडावर हे म्हटलं, तर ती हातातली गिटार बाजूला ठेवते आणि विचारते, "आलापल्लीले बॅग उलटी केली, तवा तुम्ही कुठी बसले होते? जास्त झालं म्हणून तवा काऊन नाई उठले?"