माणसाला हात लावा

देवरे मॅडम शिकवायला उभ्या राहिल्या की आधी एखाद्या तरुण डॉक्टरला जमिनीवर झोपवत आणि त्याच्या अंगावर मूठभर पीठ उडवत. "ही किरणोत्सारी धूळ. हा जखमी आहे. काय कराल?" कुणी मास्क शोधायचं, कुणी मोजायचं यंत्र मागायचं. मॅडम चिडत. "अरे, रक्त वाहतंय त्याचं! आधी ते थांबवा. मग कपडे उतरवा, साबणाने धुवा. मोजमाप नंतर. घाबरू नका, माणसाला हात लावा."

नाशिकमध्ये नागरी संरक्षणाचे हे वर्ग त्या डॉक्टरकीतून निवृत्त झाल्यानंतरही घेत. हवाई हल्ल्याच्या भोंग्यांचे सराव सुरू झाले आणि वर्गांना गर्दी होऊ लागली. एकदा एका नर्सने विचारलं, "मॅडम, खरंच बॉम्ब पडला तर आपण पुरे पडू?"

"नाही," त्या म्हणाल्या. "आपल्यातलेही बरेच जण नसतील. उरतील त्यांनी पळून जाऊ नये, एवढ्यासाठी मी येते."



त्यांच्या वर्गांना मी नेहमी जात असे. गेल्या वर्षी मी त्यांना गाडीने देवळ्याला नेलं. वाटेत त्यांनी पहिल्यांदाच कारण सांगितलं. त्या शिकाऊ डॉक्टर असताना एक कामगार वॉर्डात आला होता. कारखान्यात सापडलेला चकचकीत धातूचा तुकडा त्याने खिशात ठेवला होता. तो किरणोत्सारी निघाला. तुकडा तिथून हलवला, तरी वॉर्ड भीतीने रिकामा झाला. कुणालाही आत सोडू नका, असा वरिष्ठांचा हुकूम. मॅडम दार अडवून उभ्या राहिल्या. आत तो पाणी मागत होता, बाहेर त्याची बायको रडत होती.

"तो गेल्यावर मी वाचलं," त्या म्हणाल्या. "धोका तुकड्याचा होता. त्या माणसापासून कुणालाच नव्हता."

त्याची बायको, आता म्हातारी झालेली, कांद्याच्या चाळीपाशी बसली होती. मॅडमनी तिला सगळं सांगितलं.

"म्हंजे मी त्यांना पाणी पाजलं असतं, तरी मला काय झालं नसतं?"

"नाही."

"आन् झालं असतं, तरी पाजलं असतं मी, डॉक्टरीणबाई. तुम्ही इचारलंच नाय."

ती उठून घरात गेली. आम्ही ऊन उतरेपर्यंत थांबलो. ती बाहेर आली नाही.

या थंडीत मॅडम गेल्या. शेवटच्या वर्गांत त्या एक वाक्य जास्त सांगत : "धोका किती, ते नातेवाइकांना खरं सांगा, आणि जवळ जायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या."

ते सांगताना त्या आमच्याकडे बघत नसत.