गरम पाण्यात करडईचं तेल

लोक जपानला जातात आणि बुलेट ट्रेन बघून येतात. मी जपानला जाऊन एक हौद घासून आलो.

(बुलेट ट्रेनमध्येही बसलो होतो. पण पूर्ण वेळ झोपलेला होतो, त्यामुळे तिच्याबद्दल काही सांगायचा मला अधिकार नाही. हौदाबद्दल काय ते विचारा.)

आमची लेक ऋतुजा टोकियोत नोकरी करते. "आठवडाभर तरी या," म्हणून ती आमच्या मागे लागली होती. मंदा, म्हणजे माझी बायको, काही केल्या हलत नव्हती. ऋतुजानं फोनवर देवळं सांगितली, बागा सांगितल्या, उंच इमारती सांगितल्या. मंदा मेथी निवडत होती, ती निवडतच राहिली. शेवटी ऋतुजा म्हणाली, "आणि आई, डोंगरात गरम पाण्याचे झरे आहेत. मोठ्ठा हौद असतो. त्यात गळ्यापर्यंत नुसतं बसून राहायचं."

मेथी थांबली. "गळ्यापर्यंत?"

त्या एका शब्दात काय होतं, हे कळायला संभाजीनगरात घर करावं लागतं. आमच्या कॉलनीत नळाला पाणी येतं ते आठवड्यानं. त्या दिवशी टाकी, पिंप, हंडे, पातेली, झालंच तर कुकरचे डबेसुद्धा भरून ठेवायचे, आणि मग पुढचा आठवडाभर त्या पाण्याकडं संशयानं बघत जगायचं. लग्न होऊन आल्यापासून ही बाई एका बादलीत आंघोळ करते, आणि त्यातही तांब्याभर पाणी वाचलं तर तिला बरं वाटतं.

"मला बाकी काही दाखवू नका," ती मला म्हणाली. "तासभर त्या पाण्यात बसू द्या. आणि तेवढ्या वेळात मला कुणी हाक मारायची नाही. कुणी म्हणजे कुणीच!"

"दिला शब्द!" मी म्हणालो. शब्द द्यायला मी पहिल्यापासून फार दिलदार आहे.

मग दादा म्हणाला, "म्या बी येतो."

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वैजापूरकडं शेती करतो, कांदा लावतो. पुतणीवर भारी जीव. "पोरगी कुठं ऱ्हाती, काय खाती, एकदा डोळ्यानं बघून येतो," म्हणाला. त्यानं सामान आणलं ते असं: एक सदरा, एक धोतर, एक स्वेटर, पिशवीभर दशम्या, शेंगदाण्याची चटणी, आणि स्टीलच्या डब्यात पिशवीवर पिशवी गुंडाळून ठेवलेली एक बाटली.

"हे काय, दादा?"

"गुडघ्याचं तेल हाय. घाण्याचं करडईचं. लसूण अन् ओवा टाकून कढवलंय. तुला बी लागंल."

मला हसू आलं. (हे हसू टोकियोच्या पहिल्याच संध्याकाळी संपलं.)

टोकियोत माणसं चालतात. बसायला कुठंच जागा नसते, म्हणून चालतात. स्टेशनातून बाहेर पडायला आम्ही जेवढं चाललो तेवढ्यात मी घरून निघून शेंद्र्याला माझ्या नोकरीच्या कारखान्यात पोचलो असतो, हजेरी लावून चहाही झाला असता. तिथल्या एका गरम हौदाच्या सार्वजनिक न्हाणीघरात मंदाला न्यायचं ठरलं होतं. पण आम्ही जमिनीखालच्या बोगद्यांतून फिरत फिरत वर आलो तेव्हा ज्या हॉटेलातून निघालो होतो (ऋतुजाच्या खोलीत चौघं मावत नव्हतो) त्याच्याच दारात उभे होतो. दादा तिथंच फुटपाथवर टेकला. "शिवा, माझं काय बी होवो, मी आता उठत नाय." न्हाणीघर राहिलं.

क्योटोत देवळं आहेत. प्रत्येक देवळाला पायऱ्या आहेत. दादा दर पायरीला "आलं का?" विचारायचा आणि वर गेल्यावर "मूर्ती कुठंय?" विचारायचा. तिथलं न्हाणीघर आम्ही गेलो त्या वारी बंद होतं. मंदा त्या बंद दाराकडं जरा वेळ बघत उभी राहिली आणि काही न बोलता परत फिरली. आमच्या घरात मंदा बोलत असेल तर सगळं ठीक असतं.

ओसाकात तर वेळच मिळाला नाही, कारण दशम्या संपल्या! दादा मासे खात नाही, आणि त्याच्या मते त्या देशात गवतालाही माशाचा वास येतो. सूपला वास, भाजीला वास, भातावर भुरभुरलेल्या कसल्यातरी काळ्या पापडाला वास. मग मंदा रोज हॉटेलच्या खोलीत ऋतुजाच्या छोट्या कुकरमध्ये खिचडी लावायची आणि मी पलंगावर उभा राहून टॉवेलनं फोडणीचा धूर खिडकीकडं हाकायचो, कारण छताला धूर लागला की वाजणारा भोंगा होता. ऋतुजा दारात पहारा द्यायची.

"घरी खिचडीच करत होते," मंदा एकदा स्वतःशीच म्हणाली. "फरक एवढाच, तिथं ओटा होता."

मी विषय बदलला. "उद्या झरा!"

ऋतुजाची रजा संपली होती. तिनं आम्हाला डोंगरातल्या एका गावच्या गाडीत बसवलं आणि नियम सांगितले. "बाबा, नीट ऐका. एका म्हाताऱ्या नवरा-बायकोचं घरगुती हॉटेल आहे. हौद एकच. आधी पुरुषांची वेळ, मग बायकांची. अंगावर एकही कपडा नाही. आधी बाहेर बसून अंग स्वच्छ धुवायचं, मग हौदात उतरायचं. हौदात साबण अजिबात, म्हणजे अजिबात लावायचा नाही. समजलं?"

"समजलं," मी म्हणालो. खरंच समजलं होतं. आजही तोंडपाठ आहे.

ते हॉटेल म्हणजे लाकडी घर होतं. मालकीणबाई दारात इतक्या खाली वाकल्या की दादानं घाबरून त्यांना उठवायला हात पुढं केला. मंदानं पिशवीतून आपला टॉवेल काढला, केसांचा अंबाडा घट्ट बांधला आणि खोलीत बसून राहिली. आठवड्यात पहिल्यांदाच तिच्या चेहऱ्यावर मला काहीतरी हललेलं दिसलं.

"अहो, जा तुम्ही दोघं. आणि तिथं गप्पा मारत बसू नका. तुमची वेळ संपली की मी दारात उभी."

आम्ही गेलो. कपडे काढले. (या प्रसंगाचं वर्णन मी करणार नाही. दोघं भाऊ लहानपणी विहिरीत पोहायचो, त्याला फार वर्षं झाली एवढंच सांगतो.) भिंतीशी छोटी छोटी स्टुलं आणि बादल्या मांडल्या होत्या.

"च्यायला, हितं बी बादलीच!" दादा म्हणाला.

आम्ही साबण लावून दोनदा अंग धुतलं. पुढं हौद होता, खासा मोठा, वाफा निघत होत्या. त्यात डोक्यावर रुमालाची घडी ठेवलेले एक जपानी आजोबा डोळे मिटून बसले होते. मी पाय पुढं टाकणार तेवढ्यात दादा म्हणाला, "थांब. तसाच कुठं चालला? एवढं कढत पाणी, अन् अंगाला तेल नाय?"

पाहतो तर त्याच्या हातात ती बाटली!

"दादा, ऋतुजानं सांगितलंय..."

"काय सांगितलंय? साबण नाय लावायचा. मी लावतोय का साबण?"

इथं कुणीही शहाणा माणूस थांबला असता. पण मी विचार केला, की गोष्ट तर बरोबर आहे. दिवाळीला आई काय करायची? आधी तेल, मग कढत पाणी. तेलाशिवाय कढत पाणी म्हणजे त्या पाण्याचा अपमान. शिवाय माझ्या गुडघ्यांत टोकियो, क्योटो आणि ओसाका ही तिन्ही शहरं एकदम दुखत होती.

"जरा पाठीला पण लाव," मी म्हणालो.

दादानं हात राखला नाही. अर्धी बाटली मला, अर्धी त्याला. आम्ही दोघं घाण्यातून नुकतेच काढल्यासारखे चकाकत हौदात उतरलो. आणि काय सांगू, स्वर्ग! मी डोळे मिटले. दादा म्हणाला, "आता आलो बघ जपानला."

डोळे उघडले तेव्हा पाण्यावर इंद्रधनुष्य होतं.

ते आमच्यापासून निघून सावकाश आजोबांकडं चाललं होतं. आजोबांच्या नाकपुड्या हलल्या. मग एक डोळा उघडला. ते थोडे डावीकडं सरकले. इंद्रधनुष्यही सरकलं. त्यामागून लसणीची एक करपलेली पाकळी डुलत डुलत निघाली आणि त्यांच्या हनुवटीपाशी जाऊन थांबली. आजोबांनी तिच्याकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं, उठले, आम्हाला वाकून नमस्कार केला आणि निघून गेले.

"लई सभ्य लोक," दादा म्हणाला.

थोड्याच वेळात हॉटेलचे म्हातारे मालक आत आले. त्यांनी पाण्यात बोट बुडवलं. हुंगलं. पुन्हा बुडवलं. मग आम्हाला बाहेर यायची खूण केली. तिथं मिळतो तो टॉवेल रुमालाएवढा असतो. त्यानं पुढचं झाकावं की तोंड, हे मला ठरवता आलं नाही.

कपडे घालून आम्ही ऋतुजाला फोन लावला. मालक तिच्याशी बोलले. बराच वेळ बोलले. मग फोनचा आवाज मोठा करून तिनं विचारलं, "बाबा, ते विचारतायत, आधी अंग धुतलं नव्हतं का?"

"धुतलं की! दोनदा!"

"मग तेल कसं राहिलं?"

"धुतल्यावर लावलं ना."

दादानं तोंड फोनजवळ नेलं. "पोरी, तू साबणाचं बोलली. तेलाचं बोललीच नाय!"

"काका, आता सगळा हौद रिकामा करून घासावा लागणार आहे. भरायला रात्र जाईल. आज कुणालाच उतरता येणार नाही."

आणि आमची परतीची गाडी सकाळी होती. मी मान वळवली. दारात टॉवेल घेऊन मंदा उभी होती. वेळ झाली होती ना!

तिनं सगळं ऐकलं होतं. टॉवेलची घडी मोडली आणि पुन्हा घातली, बस्स. तिनं आरडाओरडा केला असता तर मी तिथंच तिच्या पाया पडलो असतो.

आत मालकांनी बूच काढलं. गळ्यापर्यंतचं ते पाणी घळघळ निघालं, आणि दादाच्यानं राहवेना.

"आरं, थांबव त्याला! टँकरभर पाणी हाय! कांद्याचे वाफे भिजले असते रं!"

मालकांना वाटलं हा माणूस पश्चात्तापानं रडतोय. त्यांनी त्याची पाठ थोपटली आणि तेलानं भिजलेल्या सदऱ्यावरून त्यांचा हात घसरला.

मग आम्ही दोघांनी ब्रश मागून घेतले. मालक नको नको म्हणत होते, पण दादा ऐकेना. "आपण घाण केली, आपणच काढायची." करडईचं तेल दगडाला काय चिकटतं ते तुम्हाला सांगतो! कढत पाणी टाकावं, घासावं, हात फिरवावा, पुन्हा गुळगुळीत. माझी कंबर गेली, खांदे गेले. गुडघ्यांचं काय झालं हे बघायची हिंमत नव्हती. अधूनमधून मी दाराकडं बघत होतो. मंदा कुठं दिसत नव्हती. ती एकटीच स्टेशनाकडं निघाली असावी, अशी माझी खात्री होत चालली होती.

हौद घासून झाला तेव्हा आम्ही भिंतीला धरून खोलीत आलो आणि चटईवर आडवे झालो. खोली रिकामी.

"गेली बहुतेक," मी म्हणालो.

"मी बी गेलो असतो," दादा म्हणाला.

बऱ्याच वेळानं दार सरकलं. मंदा आत आली. केस ओले, गाल लाल, आणि चाल अशी सैल, की जणू अंगातली हाडं कुणीतरी काढून धुऊन पुन्हा बसवली होती. ती बसली, कपात चहा ओतला, सावकाश प्यायली.

"कुठं होतीस?" मी चाचरत विचारलं.

"त्या मालकीणबाई हाताला धरून त्यांच्या घरात घेऊन गेल्या. मागं त्यांचा स्वतःचा हौद आहे, लाकडाचा. त्याच झऱ्याचं पाणी. खिडकीतून डोंगर दिसतो. मला आत बसवलं आणि दार लावून गेल्या."

"एकटीच होतीस?"

"एकटी."

"पाणी?"

तिनं गळ्यावर हात ठेवून दाखवलं.

"कुणी हाक मारली का?"

"कोण मारणार? हाक मारणारे दोघंही हौद घासत होते." तिनं कप खाली ठेवला. "अहो, पुढच्या वेळी कुठंही गेलो ना, तर आंघोळीला आधी तुम्हीच जा. आणि भाऊजी, तेल जरा जास्त आणा."

इतक्या वर्षांच्या संसारात मी तिच्यासाठी केलेलं एखादं काम तिला मनापासून आवडलं, ते हे पहिलंच. आणि ते माझ्या हातून चुकून झालं होतं.