बाईंनी फाईलमधून काढलेलं पान

मित्रांनो, दुपारपासून मन कशातच लागत नाही, म्हणून लिहितेय.

लातूरला क्लासेसच्या गल्लीत मी दर रविवारी शिक्षकांचा वर्ग घेते. बढतीच्या प्रमाणपत्रासाठी त्यांना आपल्या कामाची फाईल द्यावी लागते, ती कशी लावायची ते शिकवते. प्रत्येक कामाला फोटो, वही असा काहीतरी पुरावा लागतो.

वर्गात निवृत्तीला आलेल्या एक बाई आहेत. 'माझा पहिला वर्ग' या पानावर त्यांनी नुसती मुलांची नावं लिहिली होती. मागच्या रविवारी मी त्यावर लाल पेनाने लिहिलं, 'पुरावा जोडा.'

आज त्या फाईल घेऊन जवळ आल्या. हळूच म्हणाल्या, "मॅडम, पुरावा कुठून आणू? किल्लारीला माझी पहिलीच नोकरी होती. ही नावं हायत ना, ती लेकरं भूकंपात गेली."

मी म्हणाले, "बाई, चुकलं माझं. ते पान तसंच राहू द्या."

"कशाला? तपासणारे बी हेच विचारतील. मला सारखं सांगवत न्हाई." त्यांनी पान काढलं, घडी घालून पर्समध्ये ठेवलं. "आता बरोबर हाय ना?"

फाईल नियमात बसत होती. मी हो म्हणाले आणि सही केली.

त्या गेल्यावर वाटलं, निदान ती नावं तरी त्यांच्या तोंडून ऐकून घ्यायला हवी होती. तुम्ही माझ्या जागी असता, तर ते पान काढू दिलं असतं का?