आबांच्या बंदराचा पुरावा

इंटरनेटवरच्या ज्ञानकोशात आमच्या गावाच्या पानावर मी एक ओळ घातली: ‘तापीकाठच्या या गावात पूर्वी बंदर होतं, कापूस भरायला नावा लागत.’ संदर्भ विचारला होता, तिथं लिहिलं, ‘आमचे आबा.’ खानदेशात एवढं पुरतं. सोयरीक जुळवताना, शेताचा बांध ठरवताना आम्ही याहून जास्त काही मागत नाही. दुसऱ्या दिवशी ओळ गायब. शेरा होता, ‘विश्वासार्ह स्रोत नाही.’

आबा म्हणजे माझे वडील. जळगावात आमच्याकडेच असतात. औंदा डॉक्टरांनीही हात टेकलेत. बंदर चालू असताना पाहिलेली गावातली बाकीची माणसं एकेक करून गेली, आणि बंदर तर मी शाळेत असतानाच धरणाच्या पाण्याखाली गेलं. आबांची एकच इच्छा उरली होती, ते कुठंतरी लिहिलेलं असावं.

“मी देखेल शे रे भो,” ते म्हणत. “मी गऊ की बंदर बी गयं.”

ज्ञानकोशात मी हवी तितकी बंदरं वाचली. आमचं सोडून सगळी होती. मग मे महिन्यात पाणी उतरल्यावर काठावर गेलो. दगडात नावा बांधायची लोखंडी कडी होती म्हणे. तिचा फोटो काढला की पुरावा झाला. मी गुडघाभर चिखलात रुतलो. वर म्हशी राखणारा एकजण शांतपणे बघत होता.

“काय धुंडतस, भाऊ?”

मी सांगितलं.

“त्या दगड? बठ्ठा दगड लोके घर बांधाले लई ग्यात. पाणी येवाना आधीच.”

म्हणजे सगळ्या दगडांबरोबर कडीही कधीच लोकांच्या घरांत गेली होती. एक बूट तिथंच ठेवून मी घरी आलो. आबा उशीला टेकून वाटच बघत होते. “लिखं का?”

मला नाही म्हणवेना. म्हटलं, “लिखं, आबा.” आणि कुठल्यातरी भलत्याच बंदराचं पान उघडून मोबाइल त्यांच्या हातात दिला. डोळे अधू, त्यांना काय दिसणार, असा माझा हिशोब.

त्यांनी मोबाइल नाकाला लावून बघितला.

“हाऊ तर समुद्र शे.”

“पावसाळ्यात तापी अशीच दिसते, आबा.” ही माझी हुशारी.

त्यांनी मोबाइल पांघरुणावर ठेवला. मग अगदी हळू म्हणाले, “मंग मी देखेल ते काय व्हतं?”

मी लगेच सगळं कबूल केलं. चित्र दुसरीकडचं आहे, तुमचं बंदर खरं आहे, असं दोन-तीनदा सांगितलं. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाचं खरं कोण धरतो? त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं.

थोड्या वेळानं बायको त्यांचं ताट तसंच घेऊन बाहेर आली.

“जेवले नाहीत. मला विचारत होते, ‘पोरी, तू तरी सांग, तठे नाव लागे ना?’ मी काय सांगू हो? मी लग्न होऊन आले तेव्हा तिथं नुसतं पाणी होतं.”