आत्याचा हाराचा फोटो

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर हसणारा माणूस आहे. गावात कोणी म्हटलं की तळ्याच्या पाळीवर बाई दिसली, तर मी म्हणायचो — फोटो काढून आण, मग मानतो. आता माझ्याकडेच फोटो आहेत आणि माझंच कोणी मानत नाही.

मोहाडी तालुक्यात, आंधळगावला माझा फोटो स्टुडिओ आहे. लग्नांची कामं करतो. पण आमच्या धंद्यात एक काम आपोआप येतं. घरात कोणी गेलं की लोक येतात, "लग्नाच्या फोटोतून तोंड काढून दे, हार घालाचा हाय." मग गर्दीतून चेहरा कापायचा, मागे निळं आभाळ लावायचं. किती केले, गिनती नाही.

मागच्या हिवाळ्यात आमची आत्या गेली. लग्नानंतर वर्षभरातच तिचा नवरा वारला, तेव्हापासून ती माहेरीच. चिखलात वाकून धानाचा रोवणा केला, चुली फुंकल्या, आम्हा पोरांचं गू-मूत काढलं. मला तर आईपेक्षा तीच जवळची. आणि घरातल्या प्रत्येक लग्नात हळदीचं ताट आलं की माझी काकू गोड आवाजात म्हणायची, "बाई, तुमी जरा चुलीकडं पाहा ना." विधवा बाई फोटोत नको! मी कॅमेरा रोखला तर आत्या स्वतःच पदर ओढून घ्यायची. "मले कायले काढतं बाबू? पोरीचा काढ."

तेराव्या दिवशी तेरवीसाठी फोटो पाहिजे, तर एकही नाही. आधार कार्डावर नुसता काळा डाग. वर काकूच म्हणते, "घरात फोटोवाला असून बाईचा फोटो नाही, लोक काय म्हणतीन?" असा संताप आला... पण मलाही तिचं तोंड पाहिजे होतं. कुठंतरी मागे, कोपऱ्यात, अर्धं का होईना.

म्हणून घरच्या लग्नांचे सगळे जुने फोल्डर नवीन कॅटलॉग सॉफ्टवेअरमध्ये इम्पोर्ट केले. ते फोटो हलवत नाही की बदलत नाही. जागच्या जागी नोंद घेतं, आणि चेहरे ओळखून एकेकाचा गट करतं. दुपारी जेवून आलो, पाहतो तर सगळ्यात मोठा गट कोणत्या नवरीचा नव्हता. आत्याचा होता. खाली रिकामी चौकट — नाव लिहा.

एकेक फोटो उघडत गेलो. हळदीत नवरीला टेकून आत्या. स्टेजवर मधोमध आत्या. गालाला हळद, पदर खांद्यावर, सरळ माझ्याकडे पाहून राहिली. अहो, हे फोटो मीच काढलेत! ती तेव्हा चुलीपाशी होती, मीच तिला तिथं चहा नेऊन दिला होता. मूळ फोल्डर उघडला — तिथंही ती. कपाटातला छापील अल्बम काढला — त्यात नाही. अल्बममध्ये काकू नवरीला खेटून उभी आहे. कम्प्युटरवर दोघींच्या मधे आत्या, आणि काकू बाजूला सरकलेली.

मी रडलो, खोटं कशाला बोलू. हळदीतलाच फोटो मोठा केला. मागे आभाळ लावलं नाही.

तेरवीला सगळं गणगोत त्या फोटोपुढं थांबलं. मला वाटलं, आता काकूची बोबडी वळते. कसचं काय! ती डोळ्याला पदर लावून व्याह्यांना म्हणाली, "पाहा, कशी मधात उभी केली होती आमी बाईले! कोणत्याच कामात मागं नाही ठेवलं."

माझं डोकंच फिरलं. अल्बम आणून तिच्यापुढं आपटला. म्हटलं, "काकू, यात कुठं आहे ती? दाखवा!"

काकूनं अल्बम पाहिला, मग शांतपणे माझ्याकडे पाहिलं. "तूनंच कापली असशीन रे. तोंडं कापाचाच तं धंदा हाय तुवा."

जाणत्या मित्रांना फाईली दाखवल्या, सॉफ्टवेअरवाल्यांना लिहिलं. कोणाकडे उत्तर नाही, माझ्याकडेही नाही. गावाकडे मात्र आहे — फोटोवाल्यानं सख्ख्या आत्याला अल्बममधून कापलं.